झाशीच्या वाटेवर गोडसे भटजी

झाशीचा किल्ला बघायला साधारण दीड-दोन तास पुरतात. दारापाशी कडकबिजली तोफ, आत भवानीशंकर तोफ, गणपतीचं आणि शंकराचं देऊळ, गुलाम गौस खान, खुदाबक्ष आणि मोतीबाई यांच्या कबरी, पंचमहाल, राणी लक्ष्मीबाईने घोड्यावरून जिथून उडी घेतली असं सांगतात ती तटावरची जागा, आणि वरून दिसणारं गजबजलेलं शहर. मग खाली उतरून राणीमहाल. तेवढं झालं की बहुतेक गाड्या ओरछ्याच्या रस्त्याला लागतात. झाशी ‘झाली’ असं आपण म्हणतो, आणि फोटो सोडले तर महिनाभरानंतर सांगण्यासारखं फारसं काही उरत नाही. यात प्रवाशाचा दोष नाही. तटाकडे पाहून तटाचा इतिहास कळत नाही. तिथे काय शोधायचं ते आधी मनात असावं लागतं, आणि ते मनात रुजवण्याचं काम पुस्तक करतं. कोणतं पुस्तक घ्यायचं, ते कसं वाचायचं आणि जागेवर गेल्यावर त्याचं काय करायचं, हे झाशीचंच उदाहरण घेऊन सविस्तर सांगावं असं बरेच दिवस मनात होतं.

सुरुवात पुस्तकाच्या निवडीपासून. गाडीच्या वेळा आणि धर्मशाळा यांसाठी प्रवास-मार्गदर्शिका चांगली, पण तिने गावाशी नातं जुळत नाही. इतिहासाचा जाडजूड ग्रंथ पहिल्यांदाच हातात घेतला तर सनावळीत दमछाक होते. माझा अनुभव असा की, त्या गावात स्वतःच्या कामासाठी आलेल्या आणि तिथे अडकलेल्या माणसाचं लिखाण पहिलं घ्यावं. वर्णन करायचं म्हणून तो आलेला नसतो. त्याला पैसे मिळवायचे असतात, नातेवाईक शोधायचा असतो, नवस फेडायचा असतो. म्हणून त्याला पाणी कुठलं, जेवण कुणाकडे, वाट सुरक्षित आहे का, अशा गोष्टी दिसतात, आणि त्या लिहिताना गाव आपोआप उभं राहतं.

झाशीसाठी असा माणूस मराठीतच आहे, हे आपलं मोठं भाग्य. विष्णुभट गोडसे, राहणार वरसई, तालुका पेण. घरात कर्ज झालेलं. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दानधर्म भरपूर होणार आहे, अशी बातमी आली आणि १८५७ साली हे आपल्या काकांबरोबर दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघाले. महूच्या आसपास पोचतात तोवर शिपायांच्या बंडाचं वारं सुटलेलं. पुढे धार, उज्जैन, ग्वाल्हेर करत दोघे झाशीला आले आणि १८५८च्या मार्चमध्ये इंग्रजांनी शहराला वेढा घातला तेव्हा आतच राहिले. वेढा, शहर पडणं, कत्तल, लूट हे सगळं त्यांनी आतून पाहिलं. जमवलेले पैसे लुटीत गेले. त्यानंतर चित्रकूट, अयोध्या, काशी करत, आईवडिलांना स्नान घालायला गंगेची कावड घेऊन ते वरसईला परतले. पाव शतक उलटल्यावर चिंतामण विनायक वैद्यांच्या आग्रहाने त्यांनी ही हकिकत लिहून काढली. ती ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली.

इथे एक गोष्ट आधीच बघून घ्यावी. वैद्यांनी काढलेल्या पहिल्या आवृत्तीवर त्यांचा संपादकीय हात बराच फिरलेला आहे. १९०७चा काळ, विषय सत्तावनचा, आणि सरकार इंग्रजांचं. मूळ हस्तलिखिताला धरून असलेली आवृत्ती पुढे १९६६ साली दत्तो वामन पोतदारांनी काढली. मिळाली तर ती घ्यावी, दोन्ही मिळाल्या तर उत्तमच. अमृतलाल नागरांनी याच पुस्तकाचा हिंदी अनुवाद ‘आँखों देखा ग़दर’ या नावाने केला आहे. झाशीत कुणाशी या पुस्तकाबद्दल बोलायचं झालं तर ते हिंदी नाव घेतल्यावर ओळख पटकन पटते.

पहिलं वाचन एका दमात, गोष्टीसारखं करावं. काही टिपायचं नाही. गोडसे भटजींचं गद्य बोलकं आहे, ते वाहत नेतं. हे पहिलं वाचन फक्त माणसाशी ओळख होण्यासाठी. भटजी कधी घाबरतात, कशावर खूश होतात, दक्षिणेचा आकडा किती आवडीने सांगतात, हे एकदा कळलं की पुढे त्यांच्या शब्दाचं वजन करता येतं.

दुसरं वाचन मात्र पेन्सिल घेऊन. समासात मी दोनच खुणा करत जातो. भटजींनी स्वतः पाहिलं तिथे एक उभी रेघ, आणि दुसऱ्याकडून ऐकून सांगितलं तिथे वर्तुळ. एवढ्या साध्या कामाने पुस्तकाचं रूप पालटतं. जून १८५७मध्ये झाशीतल्या इंग्रजांना जोखनबागेत मारलं ती हकिकत वर्तुळात जाते, कारण भटजी झाशीला पोचले ते त्यानंतर. राणीचे पती गंगाधरराव यांच्या नाटकाच्या वेडाबद्दलचे किस्सेही वर्तुळातच. ते तर १८५३मध्येच वारलेले. ग्वाल्हेरला राणीला वीरमरण आलं ती कथाही ऐकीव. उलट राणीचा दिनक्रम, कडाक्याच्या थंडीत गोरगरिबांना टोप्या, बंड्या आणि घोंगड्या वाटण्याचा तिचा हुकूम, चैत्रातलं वाड्यावरचं हळदीकुंकू, रात्री आकाशातून येणारे तोफेचे लाल गोळे, हे सगळं उभ्या रेघेच्या बाजूचं. ते वाचताना आपण साक्षीदाराशेजारी उभे असतो. झाशीला जाताना मुख्यतः ही उभ्या रेघांची पानं बरोबर न्यायची.

यानंतर नकाशा. इंटरनेटवरचा नकाशा पुढे लागेलच, पण आधी कोऱ्या कागदावर हाताने काढावा. पश्चिमेला टेकडीवरचा किल्ला काढायचा. ओरछ्याच्या बीरसिंह देवाने तो १६१३मध्ये बांधायला घेतला. किल्ल्याच्या पूर्वेला पसरलेलं शहर आणि शहराभोवतीचा तट. तटाला दरवाजे: ओरछा, सागर, लक्ष्मी, उन्नाव, दतिया, भांडेर, खंडेराव वगैरे. नावं बहुतेक वाटेच्या पलीकडच्या गावांची, त्यामुळे दरवाज्याच्या नावावरून दिशा आपोआप कळते. पूर्वेला तटाबाहेर लक्ष्मीताल, त्याच्याजवळ महालक्ष्मीचं देऊळ आणि गंगाधररावांची छत्री. त्याच्याही पलीकडे बेतवा नदी. आता पुस्तक उघडून एकेक घटना या कागदावर बसवायची. इंग्रजांच्या तोफा दक्षिणेच्या आणि पूर्वेच्या बाजूने लागल्या होत्या. पश्चिमेला किल्ल्याचा कडा, तिकडून हल्ला करणं अवघड. तात्या टोपे मदतीला आले ते बेतवा ओलांडून, म्हणजे कागदाच्या उजव्या कडेने. ३१ मार्चच्या रात्री त्यांनी आपण आल्याची खूण म्हणून मोठा जाळ पेटवला होता. तो तटावरून कोणत्या दिशेला दिसला असेल ते आता बोट ठेवून दाखवता येतं. दुसऱ्या दिवशी, १ एप्रिलला, बेतवेकाठी ती फौज हरली. इंग्रजी नोंदी तिचा आकडा सुमारे वीस हजार सांगतात. इतकी मोठी मदत डोळ्यांदेखत आली आणि डोळ्यांदेखत परत गेली. ३ एप्रिलला इंग्रज शहरात घुसले.

नकाशाइतकाच पंचांगाचा उपयोग होतो, आणि हे फार कमी लोक करतात. भटजी काळ सांगतात तो महिने आणि सण यांच्या भाषेत. त्याची इंग्रजी तारखांशी सांगड घातली तर वेढ्याचे दिवस एकदम जवळ येतात. १८५८चा गुढीपाडवा मार्चच्या मध्यावर, १६ तारखेला पडतो. म्हणजे तृतीयेला चैत्रगौर बसली ती १८ मार्चच्या सुमारास, आणि इंग्रजांचा सेनापती सर ह्यू रोज फौजेनिशी झाशीसमोर येऊन ठाकला तो २१ मार्चला. घराघरांत गौर बसलेली, कैरीची डाळ आणि पन्ह्याचे दिवस, आणि बाहेर तोफांचे मोर्चे बांधले जातायत. रामनवमी येईपर्यंत गोळागोळी सुरू झालेली. राणी किल्ला सोडून गेली ती ४ एप्रिलच्या रात्री, म्हणजे पौर्णिमेनंतर पाचेक दिवसांनी. हिशेबाने त्या रात्री चंद्र उगवला असणार अकराच्या पुढेमागे. त्याआधी काळोख. भांडेर दरवाज्यातून गुपचूप निघायला केव्हाची वेळ सोयीची, याचा अंदाज आपण इथे घरबसल्या बांधू शकतो. असा एक अंदाज मनात घेऊन किल्ल्यावर गेलं की भांडेर दरवाजा कुठे, तिथवर शहरातून जायला किती अंतर, मधे कुठे इंग्रजांचा पहारा असेल, हे प्रश्न आपोआप पडत जातात.

आता दुसरा डोळा. एकाच माणसाचं ऐकून गाव बघितलं तर आपण त्याच्याच पागोट्याखालून बघत राहतो. म्हणून दुसरं पुस्तक मुद्दाम तटाच्या बाहेरच्या माणसाचं घ्यावं. झाशीसाठी डॉक्टर टॉमस लोव यांचं आहे. मद्रास सॅपर्सच्या पलटणीबरोबरचा हा वैद्यकीय अधिकारी सर ह्यू रोजच्या मोहिमेत होता आणि १८६०मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्याचा कॉपीराइट कधीच संपलेला आहे, आणि अशी जुनी पुस्तकं इंटरनेटवरच्या डिजिटल ग्रंथालयांत सापडतात. सगळं वाचायची गरज नाही. झाशीची प्रकरणं वाचावीत आणि तीच तारीख भटजींच्या पुस्तकात शोधावी. आत बसलेल्या माणसाला गोळा कुठून आला हे कळत नाही, फक्त कुठे पडला ते कळतं. बाहेरच्याला तो कुठून सोडला हे ठाऊक असतं, पण कुणाच्या घरावर पडला याची कल्पना नसते. दोन्ही पानं समोरासमोर ठेवली की एका गोळ्याचा अख्खा मार्ग दिसतो. खुद्द रोजच्या अहवालात, झाशीच्या बायका तोफांच्या मोर्च्यांवर काम करताना, दारूगोळा वाहताना दिसल्याची नोंद आहे. शत्रूने दिलेली ही साक्ष असल्यामुळे तिचं मोल वेगळं आहे. याच बायकांपैकी कितीतरी जणी त्या चैत्रात वाड्यावर हळदीकुंकवाला गेल्या असतील, हा विचार दोन पुस्तकं शेजारी ठेवल्याशिवाय मला सुचला नसता.

तिसरा एक छोटा झरोका आहे. जॉन लँग नावाचा ऑस्ट्रेलियात जन्मलेला वकील १८५४मध्ये राणीच्या बोलावण्यावरून झाशीला आला होता. संस्थान खालसा करण्याविरुद्ध दाद कशी मागायची याचा सल्ला तिला हवा होता. बोलणं पडद्याआडून चाललं होतं, आणि राणीच्या दत्तक मुलाने, छोट्या दामोदररावाने पडदा बाजूला केला तेव्हा क्षणभरच त्याला राणी दिसली. त्याच्या प्रवासवर्णनात हा प्रसंग आहे. पानं मोजकी, पण राणीमहालात जाण्याच्या आदल्या रात्री वाचावीत अशी. संस्थान गेल्यावर राणीला किल्ला सोडून शहरातल्या वाड्यात राहावं लागलं. आज तो राणीमहाल म्हणून ओळखला जातो, आणि तिथे जुन्या शिल्पांचं संग्रहालय आहे. लोक मूर्ती पाहून बाहेर पडतात. तुम्ही मात्र वरच्या मजल्यावर रंगवलेल्या छताखाली जरा थांबा. तोफा, घोडे, लढाई या सगळ्याच्या आधीची राणी तुम्हाला तिथे भेटेल. अर्ज लिहिणारी, कायद्याने दाद मागणारी, कलकत्त्याहून उत्तर येण्याची वाट पाहणारी. आपल्या पुतळ्यांमध्ये ही राणी कुठेच नाही, आणि मला तिच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो.

भटजी आणि हे दोन साहेब, तिघेही बाहेरून आलेले. गावाचं स्वतःचं म्हणणं ऐकायचं तर गावातलं पुस्तक हवं. वृंदावनलाल वर्मा हे झाशी जिल्ह्यातले, झाशीत वकिली केलेले लेखक. त्यांची ‘झाँसी की रानी’ ही हिंदी कादंबरी १९४६मध्ये आली. दत्तात्रय बळवंत पारसनीसांचं राणीचं मराठी चरित्र १८९४चं. त्यातली राणी परिस्थितीमुळे लढायला भाग पडलेली आहे. वर्मांना ते पटलं नाही, आणि बुंदेलखंडातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणी गोळा करून त्यांनी दुसरी राणी उभी केली. दोन्ही वाचून आपण कौल द्यायलाच हवा असं नाही. महत्त्वाचं हे की वर्मांच्या कादंबरीत झलकारी भेटते. कोरी समाजातली, राणीच्या बायकांच्या फौजेतली, राणीचं रूप घेऊन इंग्रजांना गुंतवून ठेवणारी. गोडसे भटजींच्या पुस्तकात ती नाही. भटजींचा वावर होता वाडा, देवळं आणि ब्राह्मणवस्ती यांत. विणकरांच्या आळीत काय चाललंय हे त्यांच्या नजरेच्या टप्प्यात आलंच नाही. याबद्दल त्यांच्यावर राग धरायचं कारण नाही, पण हे ध्यानात ठेवलंच पाहिजे. आज झाशीत झलकारीबाईचं नाव मोठ्या अभिमानाने घेतलं जातं, २००१मध्ये तिच्या नावाने टपाल तिकीटही निघालं. फक्त ‘माझा प्रवास’ वाचून गेलेल्या माणसाला ही कोण असा प्रश्न पडेल. एका पुस्तकाने जी आळी दाखवली नाही ती दुसऱ्याने दाखवावी, म्हणून वाचनात एक तरी लेखक स्थानिक असावा. महाश्वेतादेवींनीही पहिलं पुस्तक राणीवरच लिहिलं, १९५६मध्ये. त्यासाठी त्या स्वतः या भागात फिरल्या, लोकांची गाणी आणि आठवणी ऐकल्या. बंगाली लेखिकेला जे करावंसं वाटलं ते आपणही थोडंफार करू शकतो. किल्ल्याबाहेर चहाच्या टपरीवर बसून, झलकारीबाईबद्दल तुमच्या घरी काय सांगतात, एवढं विचारायचं. बुंदेली माणूस बोलायला लागला की थांबत नाही.

आता प्रत्यक्ष झाशी. मुंबईहून पंजाब मेल थेट जाते. स्टेशनचं नाव आता वीरांगना लक्ष्मीबाई झाशी असं आहे. लोक हिवाळ्यात जातात आणि ते सोयीचंही आहे. पण ज्याला हे वाचन पुरतं लागलेलं आहे त्याने मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जावं असं माझं म्हणणं. ऊन चढू लागलेलं असतं, दगड तापतात, दुपारी घसा कोरडा पडतो. वेढ्यात पाण्याचे हाल झाले हे वाक्य त्या उन्हात वेगळंच वाचलं जातं. पुरेसं पाणी, टोपी, आणि किल्ला सकाळी उघडताच गाठायचा, एवढी काळजी घ्यावी. वयस्कर मंडळी बरोबर असतील तर हट्ट नको, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच बरा.

किल्ल्यावर पुस्तक सारखं उघडायचं नाही. डोळे पानात आणि पाय दगडात, असं केलं की दोन्ही हातचे जातात. मी अशा जागी एकच उतारा वाचण्यासाठी राखून ठेवतो, बाकी सगळं आठवणीवर सोडतो. आठवत नाही ते तिथे महत्त्वाचं नसतं. आधी तटावरून एक फेरी मारावी, हातातल्या कागदाशी दिशा जुळवावी. पूर्वेला लक्ष्मीताल सापडला की त्यापलीकडे बेतवेचा अंदाज येतो, आणि तात्यांचा जाळ कुठल्या बाजूला पेटला असेल ते कळतं. दक्षिणेला नजर टाकली की इंग्रजांनी मोर्च्यांसाठी ती बाजू का निवडली हेही लक्षात येतं. मग उडीच्या जागेवर जावं. इथे खुणांचा उपयोग होतो. गोडसे भटजींच्या हकिकतीत ही उडी नाही. मुलाला पाठीशी बांधून घोड्यावर बसून राणी बाहेर पडली, एवढं त्यांनी सांगितलं आहे. तटावरून खाली पाहिलं की आपलं मत आपल्यालाच बनवता येतं. पण तिथे उभ्या असलेल्या गाइडशी वाद घालू नये. तो सांगतो ती कथा गेली दीडशे वर्षं लोकांनी जपलेली आहे, आणि ती का जपली गेली हाही झाशीचाच भाग आहे. त्याला शेवटपर्यंत ऐकावं.

किल्ल्याच्या एका भागाला शंकरगढ म्हणतात. मराठी माणसाने तिथे जरा जास्त रेंगाळावं. पेशव्यांचे सुभेदार नारो शंकर राजेबहाद्दर यांनी तो भाग वाढवला. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराचं देऊळ आणि वसईच्या विजयाची आठवण सांगणारी त्याची प्रसिद्ध घंटा आहे, ते नारो शंकर हेच. आणि झाशीच्या राजांच्या नेवाळकर घराण्याचे धागे जातात थेट खानदेशातल्या पारोळ्यापर्यंत. झाशीत वरसईच्या भटजींना घरच्यासारखं का वाटलं, तिथे मराठी वस्ती कशी होती, हे या दोन गोष्टींवरून लगेच उमगतं.

त्यानंतर शहरात चालत उतरायचं, रिक्षा नको. गल्ल्या अरुंद आहेत आणि गर्दी खूप. तरी जुन्या शहराचा सांगाडा दरवाज्यांच्या नावांत अजून शिल्लक आहे. राखून ठेवलेला उतारा मी इथे वाचतो, लुटीचा. शहर पडल्यावर लूट दिवसामागून दिवस कशी चालली, कधी रोकड आणि दागिन्यांवर, कधी तांब्यापितळेच्या भांड्यांवर, कधी कपड्यांवर, कधी धान्यावर धाड कशी पडली, हे भटजींनी ज्या तपशिलाने सांगितलं आहे तसं कुठल्याही इतिहासात मी वाचलेलं नाही. मेलेल्यांची संख्या इंग्रजी बाजूच्या लेखनातही पाच हजारांच्या घरात दिलेली आढळते. पण भटजींनी जीव तोडून हळहळ व्यक्त केली आहे ती ग्रंथसंग्रहासाठी. झाशीच्या राजवाड्यातला पोथ्यांचा संग्रह नावाजलेला होता आणि त्याची धूळधाण झाली. स्वतःचे पैसे गेल्याचं दुःख त्यांनी केलं, पण पोथ्यांबद्दल लिहिताना या दक्षिणेसाठी निघालेल्या माणसाचा आवाज बदलतो. शहरात उभं राहून तो मजकूर वाचताना माझ्या मनात भटजींबद्दल जी माया दाटून आली ती घरी वाचताना आली नव्हती. आजूबाजूला साड्यांची, भांड्यांची, किराण्याची दुकानं होती. दीडशे वर्षांपूर्वी याच वस्तू इथून गाड्या भरून नेल्या गेल्या होत्या.

ज्यांच्याकडे आणखी दिवस असेल त्यांनी काल्पीच्या रस्त्याला लागावं. झाशीपासून सुमारे दीडशे किलोमीटर, यमुनाकाठचं गाव. राणी झाशीहून निघाली ती भांडेरमार्गे इकडेच. पुस्तकातला मला सगळ्यात प्रिय प्रसंग याच वाटेवरचा. भटजी एका विहिरीवर थांबलेले असताना चार-पाच स्वार येतात. त्यांतली एक राणी. पठाणी वेष, सगळं अंग धुळीने माखलेलं, तहानेने जीव कासावीस. भटजी पाणी काढायला पुढे होतात, तर विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी शेंदावं हे तिला प्रशस्त वाटत नाही. ती स्वतः पाणी काढते आणि ओंजळीने पिते. एवढंच. झाशीत असताना याच भटजींनी तिला वाड्याच्या वैभवात पाहिलेलं होतं. पुस्तकावरून ती विहीर कोणती हे ठरवता येत नाही, तेव्हा ‘हीच ती’ असं म्हणत फोटो काढायच्या मागे लागू नये. रस्त्याकडेच्या एखाद्या गावी थांबून, जमीन किती सपाट आहे, झाडोरा किती विरळ आहे, उन्हात आडोसा शोधायला किती चालावं लागतं, एवढं बघितलं तरी तो प्रसंग पुरता कळतो. पाठलाग चुकवायला या मैदानात जागाच नाही. घोड्याच्या दमावर सगळी मदार.

एक सावधगिरी मात्र हवी. पुस्तकात फार गुंतलेला प्रवासी समोरच्या गावाला १८५८मध्येच कोंडून ठेवतो. झाशी हे मोठं रेल्वे जंक्शन आहे, लष्करी छावणी आहे, बुंदेलखंडातल्या कोरड्या जिल्ह्यांतून माणसं इथे कामाला आणि शिकायला येतात. ध्यानचंद याच गावी लहानाचे मोठे झाले, आणि टेकडीवर हॉकी स्टिक घेतलेला त्यांचा पुतळा आहे. मैथिलीशरण गुप्तांचं चिरगाव तासाभरावर आहे. म्हणून संध्याकाळचे काही तास पुस्तकाशिवाय हिंडावं. बाजारात काय विकतात, लोक कशावर भांडतात, कशावर हसतात, ते बघावं.

हीच रीत दुसऱ्या गावांना लावता येते. जुनी मुंबई पायी बघायची असेल तर गोविंद नारायण माडगावकरांचं १८६३चं ‘मुंबईचें वर्णन’ घ्या. हंपीला जायचं असेल तर पायश आणि नुनीज या पोर्तुगिजांची वृत्तं, जी रॉबर्ट स्यूएलने १९००मध्ये इंग्रजीत आणली. पायश घोड्यांच्या व्यापारातल्या लोकांबरोबर वावरणारा, म्हणून बाजाराच्या वर्णनात त्याचं लक्ष पुरेपूर लागलेलं आहे. वारी चालायची असेल तर इरावती कर्व्यांचा ‘परिपूर्ती’तला वारीवरचा लेख. प्रत्येक वेळी पारखून बघायचं ते एवढंच, की लेखक स्वतः तिथे होता का, आणि त्याचं तिथे काय काम होतं. त्याच्या कामावरून त्याला काय दिसलं आणि काय दिसलं नाही याचा हिशेब लागतो, आणि जे दिसलं नाही त्यासाठी दुसरं पुस्तक शोधता येतं.

परत आल्यावर पहिल्या आठवड्यातच ‘माझा प्रवास’ तिसऱ्यांदा उघडावं, आठवणी ताज्या असताना. या वेळी पेन्सिल फक्त दुरुस्त्यांसाठी. कागदावरच्या नकाशात जे चुकलं होतं ते नीट करायचं, अंतरं लिहायची, कुणी काही वेगळं सांगितलं असेल तर ते समासात टाकायचं. दोन आवृत्त्या असतील तर वैद्यांनी काय बदललं तेही आता डोळ्यांत भरतं, कारण जागा पाहिलेली असते. झाशीच्या नादात पहिल्या वाचनात ज्यावरून आपण भराभर गेलेलो असतो, ती चित्रकूट, अयोध्या आणि काशीची प्रकरणं आता सावकाश वाचायची. पुढच्या सहलीची आखणी त्यांतच तयार असते. तोवर मुंबई-पुण्याच्या माणसाला एखाद्या रविवारी पेणपलीकडे वरसईला जाऊन येता येईल.